चोविसावं वाक्य

'या संगणकाच्या प्रोसेसरमध्ये ही क्षमता नाही.' स्क्रीनवर पांढऱ्या चौकटीत एवढंच वाक्य आलं आणि त्याखाली 'ठीक आहे' असं बटण. यात ठीक काय आहे, असं मनात आलं आणि मी ते दाबलंच नाही. चारचौघांत कुणी आपल्या माणसाला नालायक म्हणावं तसं ते वाक्य मला लागलं. धडधडीत खोटं होतं ते. हा प्रोसेसर मी तीन दुकानं पालथी घालून, पारखून आणला होता आणि ती क्षमता त्यात आहे असं खोक्यावर छापलेलं होतं. रविवारची सकाळ, दहा वाजले असतील. ताईच्या स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर मी टॅक्सीत मांडीवर घेऊन आणलेलं मशीन, पलीकडे ताई आपले मुद्रितांचे गठ्ठे बाजूला सारून बसलेली, आणि तिच्या शेजारी टेबलावर हनुवटी टेकवून तिची मुलगी, माझी भाची, वय वर्षं तेरा. मेव्हणे कामावर गेले होते. दोघी माझ्याकडे बघत होत्या, स्क्रीनकडे नाही. अकरा वर्षं मी या दिवसाला बगल देत आलो होतो, आणि आता तो उजाडला तर पहिल्या दहा मिनिटांतच गाडी अडली होती. मी म्हणालो, होईल, जरा वेळ लागेल. भाची म्हणाली की हे तू आल्यापासून तीनदा म्हणालायस. मोजत बसायची सवय तिला आईकडून आली आहे.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत संगणक सांभाळतो. एका मोठ्या मशीनच्या पोटात पाच-सात खोटी मशीनं चालवायची, हा माझा रोजचा धंदा. खोटी म्हणजे त्यांना स्वतःचं लोखंड नसतं, पण प्रत्येकाला वाटत असतं की सगळं घर आपल्या एकट्याचं. भाचीला मी ते मालक आणि भाडेकरू असं समजावलं होतं. मालकाचं काम करणाऱ्या प्रोग्रामला हायपरव्हायजर म्हणतात हेही सांगितलं, तो शब्द तिने दोनदा तोंडात घोळवून बघितला आणि सोडून दिला. आज मला करायचं होतं ते जरा आडवळणाचं होतं. माझ्याकडे एक जुना मालक होता, अकरा वर्षांपूर्वीचा. त्याचं घर, म्हणजे ते जुनं मशीन, केव्हाच जळून गेलं होतं, पण त्याच्या डिस्कची नक्कल मी करून ठेवली होती. त्या जुन्या मालकाकडे एक भाडेकरू झोपलेला होता. तो फक्त त्या जुन्याचीच हाक ओळखतो, नव्या मालकाकडे ढुंकूनही बघत नाही. तेव्हा नव्या घरात त्या जुन्या मालकालाच भाड्याने ठेवायचं, आणि त्याच्या खोलीत त्याचा तो झोपाळू भाडेकरू. "म्हणजे पोटभाडेकरू," भाची म्हणाली, आणि मला तिचं फार कौतुक वाटलं. पोटभाडेकरू ठेवायचा तर खऱ्या मालकाची परवानगी लागते. ती नसेल तर नवा मालक आपल्या घराची खरी ताकद आतल्याला सांगतच नाही. मग तो जुना बापडा इकडेतिकडे बघतो आणि प्रामाणिकपणे सांगतो की या घरात तशी सोय नाही. तो खोटं बोलत नसतो, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. हे सगळं मला पाठ होतं. परवानगीची खूण सेटिंगच्या कुठल्या पानावर करायची तेही माहीत होतं आणि ती मी काल संध्याकाळीच करून ठेवली होती, तसं दोघींना सांगितलंही होतं. तरी तो नाही म्हणत होता, आणि का ते मला कळत नव्हतं.

त्या झोपलेल्या भाडेकरूच्या पोटात ताईचा आवाज होता. ताईला आता आवाज नाही. अकरा वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्र काढावं लागलं. नंतर दवाखान्यातून तिला गळ्याला लावून बोलायचं एक गुणगुणणारं यंत्र मिळालं होतं. तिने दोन महिने ते नेटाने वापरलं, मग एक दिवस पुसून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि लिहिलं की यातून कुणीतरी तिसराच बोलतो. तेव्हापासून तिचा पांढरा फळा आणि तिचं बोट. बोटाने टेबलावर एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि नखाने सलग वाजवलं की समोरच्याने गप्प बसायचं. मुलीला हाक मारायची तर ती फळ्याच्या कोपऱ्यात नुसता 'ठ' काढते आणि फळा हलवते. ठ म्हणजे ठकी, ठकू, ठके. पोर तान्ही असताना ताई तिला या नावाने हाक मारायची, दुसरं कुणीच नाही. बाकी आम्ही सगळे तिला शाळेतल्या नावाने बोलावतो. ठ हे आपलं नाव आहे एवढं तिला कळतं. पण ते नाव तोंडातून बाहेर पडताना कसं ऐकू येतं हे तिला माहीत नव्हतं, कारण ते कुणी उच्चारतच नव्हतं.

आणि गंमत म्हणजे ताईचा धंदाच बोलण्याचा होता. छापखान्यात मुद्रितं तपासताना दोन माणसं लागायची. एक मूळ प्रत मोठ्याने वाचणार, दुसरा छापलेल्या कागदावर पेन्सिल घेऊन बघणार. ताई वाचणारी होती. वाचणाऱ्याने नुसते शब्द वाचून भागत नाही, विरामचिन्हंही तोंडाने म्हणायची. स्वल्पविराम. पूर्णविराम. नवा परिच्छेद. बारा वर्षं ती रोज सात-आठ तास अशी बोलत होती, एका लयीत, ना घाई ना आळस. ती सवय घरीही सुटायची नाही. मी कॉलेजात नापास झालो तेव्हा बाबांचा संताप ती दाराआड ऐकत होती. बाबा दमून थांबले तेव्हा दाराआडून हलकेच 'पूर्णविराम' ऐकू आलं आणि बाबांनाच हसू फुटलं. मी त्या वेळी वाचलो तो केवळ तिच्यामुळे. आता ती घरी एकटीच मुद्रितं तपासते. दुसरी बाजूही तीच, म्हणजे मूळ प्रत एका डोळ्याने आणि छापील दुसऱ्याने. तिच्या ओठांची हालचाल मात्र अजून होते. मी कधी अचानक आलो तर ती पाठमोरी बसलेली असते आणि कानशिलाजवळचा स्नायू हलताना दिसतो. अशा वेळी मी दारातच थोडा थांबतो आणि मग मुद्दाम चपला आपटत आत जातो.

आठ दिवसांपूर्वी जेवताना भाचीने सहज विचारलं होतं, आईचा आवाज जाड होता की बारीक. मेव्हणे म्हणाले, गोड होता. मी म्हणालो, मध्यम, आणि शर्टाचं माप सांगितल्यासारखं वाटून मान खाली घातली. दोघांनाही सांगता येईना. मला तर त्या क्षणी तो आठवेनाच. तिचे शब्द आठवत होते, ठेका आठवत होता, पण मनात ते सगळं माझ्याच आवाजात वाजत होतं. ताईने घास खाली ठेवला, फळा ओढला आणि लिहिलं, 'मामाकडे आहे. ऐकवायला सांग.' मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काही जाब नव्हता. तो मीच आणून घातला आणि घरी जाताना वाटभर माझं डोकं सुन्न होतं. कारण ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तिच्या खाटेशी बसून मी तिला सांगितलं होतं की तुझा आवाज सुरक्षित आहे, आणि ते खरं नव्हतं.

त्या वेळी दवाखान्यातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी एक तबकडी दिली होती. तिच्यात प्रोग्राम होता, चाळीस वाक्यं समोर येणार, ताईने एकेक वाचायचं, पुढे कधी जमलं तर त्यातून यंत्राला तिच्या आवाजात बोलायला शिकवता येईल. प्रोग्राम इतका जुना की माझ्या कुठल्याच मशीनवर चालेना. म्हणून मी कचेरीतल्या मशीनच्या पोटात त्याच्यासाठी एक जुनाट भाडेकरू उभा केला आणि ताईला कचेरीतच बोलावलं. ऑपरेशन शुक्रवारी होतं. मंगळवारी ती आली, पोरीला घेऊन, कारण पोरीला ठेवायला कुणी नव्हतं. पोर टेबलाखाली वायरींशी खेळत बसली. ताई वाचायला लागली आणि पहिल्याच वाक्याला, 'मला पाणी हवं आहे पूर्णविराम'. मी म्हणालो, ताई, पूर्णविराम म्हणायचं नाही. ती म्हणाली, बरं. दुसरं वाक्य, 'खिडकी उघडा स्वल्पविराम फार उकडतंय पूर्णविराम'. आम्ही हसत सुटलो. एकेक वाक्य तीन-तीनदा घ्यावं लागलं. तेवीस वाक्यं झाली आणि चोविसावं चालू असतानाच फोन वाजला. दवाखान्यातून होता. कुणाचं तरी ऑपरेशन पुढे गेलं होतं, जागा रिकामी झाली होती, आज संध्याकाळीच दाखल व्हा. त्यानंतरचा अर्धा तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. ताईची पिशवी, पोरीचा एक बूट सापडत नव्हता, माझा मेंदू चालत नव्हता. चाळीस वाक्यं पुरी झाल्याशिवाय तो प्रोग्राम काही जपून ठेवत नव्हता. मधेच जतन करायचं तर वेगळं बटण होतं. मी ते दाबलं नाही. मला सवय आहे तसं केलं, सगळं होतं तसंच ठेवून मशीन झोपवलं, आणि तिला म्हणालो, उद्या पुढचं करू.

ही माझी जन्मजात खोड. मी काही बंद करत नाही. लहानपणी ताई मला दारउघड्या म्हणायची. पेनाचं टोपण, कपाटाचं दार, नळ, भांडण, सगळं अर्ध्यावर उघडं. कचेरीतही मशीन मी बंद करत नाही, झोपवतो, म्हणजे जिथे होतं तिथूनच ते उठतं. झोपलेल्या मशीनची स्मृती डिस्कवर एका मोठ्या फाइलीत उतरते. त्या फाइलीत ताईची तेवीस वाक्यं होती, पण सुटी नव्हती, सगळ्या मशीनच्या त्या क्षणाच्या शुद्धीत विरघळलेली होती. ती हवी तर मशीन जागं करायलाच हवं, दुसरा रस्ता नाही. पहिल्या वर्षी मी तिला विचारलं होतं, ऐकायचाय का. तिने फळ्यावर 'नको' लिहिलं आणि मला हायसं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर. उठवताना सगळंच गेलं तर, ही धास्ती होती. पुढे ते मशीन जळालं. मी डिस्कच्या तीन नकला केल्या, तीन कपाटांत ठेवल्या आणि स्वतःची समजूत घातली. पण न उघडणाऱ्या पेटीच्या तीन नकला म्हणजे तीन न उघडणाऱ्या पेट्या. जोवर उघडायला जात नाही तोवर आवाज आहे असं म्हणता येत होतं. त्या म्हणण्यावर मी अकरा वर्षं काढली.

टेबलावर नखं वाजली. ताई फळा माझ्या नाकासमोर धरून बसली होती, कधीपासून कोण जाणे. त्यावर लिहिलं होतं, 'खूण केल्यावर त्याला बंद केलंस की झोपवलंस?'

काल संध्याकाळी जुन्या मालकाला झोपवून मी परवानगीची खूण केली होती आणि आज सकाळी त्याला उठवलं होतं. झोपेतून उठलेला माणूस झोपण्याआधीचंच जग बघतो. घराची नवी ताकद त्याला कळायची तर तो पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू व्हायला हवा. हे मी कचेरीत नव्या पोरांना दरवर्षी शिकवतो. ताईला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण तिला मी कळतो. मी कान पकडले. तिचे खांदे हलले, म्हणजे ती हसली. मी जुन्या मालकाला पूर्ण बंद केलं. स्क्रीन काळी झाली. माझ्या हाताने एखादी गोष्ट संपूर्ण बंद झाली की मला ती मेल्यासारखीच वाटते. मग त्याला नव्याने सुरू केलं. तो उठला, आजूबाजूला बघितलं, आणि या वेळी काही कुरकुर केली नाही. आत एका ओळीत झोपलेल्या भाडेकरूचं नाव दिसलं, मी त्या काळी टाइप केलेलं, 'ताई'. पुढे चंद्राची छोटी खूण. भाचीने खुर्ची जवळ ओढली. मी 'जागं करा' दाबलं. निळी पट्टी हळूहळू भरत गेली, नव्वदच्या आसपास थांबली आणि दुसरी चौकट आली. 'जतन केलेली स्थिती या प्रोसेसरशी जुळत नाही.' खाली दोन बटणं होती, एक 'रद्द करा', दुसरं 'स्थिती टाकून द्या'.

भाचीने विचारलं, टाकून द्या म्हणजे काय टाकून द्यायचं. मी घाईघाईने रद्द केलं आणि सांगितलं की माझ्याकडे नकला आहेत, काळजी नको. ताई मात्र ती चौकट वाचून विचारात पडली होती. वाक्यातली चूक दिसल्यावर तिच्या कपाळावर जी आठी पडते ती पडली होती. तिने फळा पुसला आणि सावकाश लिहिलं, 'आवाजाची फाइल असेल तर फाइल काढ. झोपलेल्याला उठवायचं कशाला?' आता पळायला वाट नव्हती. स्वयंपाकघरात नळाचा थेंब पडत होता, सकाळी पाणी पिऊन मीच नीट बंद न केलेला. मी उठून तो बंद केला, परत येऊन बसलो.

"फाइल नाहीये, ताई," मी म्हणालो. "कधीच नव्हती. त्या दिवशी मी जतन करायचं विसरलो. सुरक्षित आहे म्हणालो ते खोटं होतं. हा उठला तर आवाज आहे. नाही उठला तर काहीच नाही."

भाची आईकडे बघायला लागली. ताईने फळ्यावर दोनच शब्द लिहिले, 'माहीत आहे.' मग ते पुसून, 'तू बटण दाबलं नाहीस. मी बघत होते.'

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि माझा आवाज चढला, तिच्यावर नव्हे, कुणावर ते मला सांगता येणार नाही. "मग बोलली का नाहीस? तेव्हा तर तुला बोलता येत होतं."

ती बराच वेळ लिहीत होती. मार्कर सुकत आला होता, मधेमधे ती अक्षरं गिरवत होती. तिने फळा फिरवला. 'तुझे हात थरथरत होते. वाटलं, उद्या सांगेन.' आणि खाली, बारीक अक्षरात, 'नंतर तू सुरक्षित आहे म्हणालास. म्हटलं, असू दे. तुला त्याचा आधार होता.'

म्हणजे मी तिच्यासाठी खोटं बोललो असं मला वाटत होतं आणि ती माझ्यासाठी ते खरं मानून चालली होती. अकरा वर्षं आम्ही एकमेकांना सांभाळत बसलो आणि मधल्या मधे पोरगी मोठी झाली. मला रडू आलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, तरी मी सवयीने चष्मा पुसला. भाचीने तिचा अर्धा चहा माझ्याकडे सरकवला. तो गार होता, मी प्यायलो. मग ताईने एकदा टकटक केलं, म्हणजे हो, म्हणजे पुढे चल.

आता उलटं काम होतं. आधी आतल्याला घराची ताकद सांगत नव्हते म्हणून अडलं होतं, आता ताकद जास्त दिसत होती म्हणून अडलं होतं. झोपलेला भाडेकरू अकरा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरवर झोपला होता. डोळे उघडताच त्याला तोच दिसायला हवा, नाहीतर तो उठणारच नाही. तेव्हा नव्या प्रोसेसरमध्ये जे जे नव्याने आलं ते त्याच्यापासून लपवायचं. कंपनी एकच होती, तेवढं नशीब. जुन्या प्रोसेसरच्या क्षमतांची यादी जुन्या नोंदींत सापडली, नव्याची यादी समोरच होती. दोन्ही शंभरेक नावांच्या, अर्थ नसलेली अक्षरं आणि आकडे, आणि दोन्हीकडे लिहिण्याची तऱ्हा वेगळी. मशीनकडून जुळवून बघितलं तर त्याने सरसकट सगळंच वेगळं म्हणून दाखवलं. हे माणसाच्या डोळ्यांचंच काम होतं. ताईने विचारलंही नाही. गठ्ठ्यातला एक जुना कागद उलटा करून तिने मुलीपुढे ठेवला आणि भाचीने नवी यादी सुवाच्य अक्षरात त्यावर उतरवून काढली. ताईने तो कागद स्वतःकडे घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि माझ्याकडे बघून हनुवटी उचलली. वाच.

मी वाचायला लागलो. बारा वर्षं ती वाचायची आणि समोरचा बघायचा, आज मी वाचत होतो आणि ती बघत होती. सात-आठ नावं झाली असतील, टेबलावर दोनदा टकटक. फळा, 'तीच ओळ दोनदा वाचलीस. बोट ठेवून वाच.' मी स्क्रीनवर बोट ठेवलं. पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक नावाला तिची पेन्सिल कागदावर बारीकशी खूण करायची आणि तो आवाज आला की मी पुढे जायचो. हळूहळू माझ्या वाचण्याला ठेका आला. मी घाई सोडली. अर्ध्यावर कुठेतरी माझ्या लक्षात आलं की मी नावांच्या मधे स्वल्पविराम म्हणतो आहे. भाची फिसकन हसली. ताई हसली नाही, तिची नजर कागदावर होती आणि ओठ माझ्याबरोबर हलत होते, अक्षराला अक्षर लावून. आणि त्या ठेक्यात मला तिचा आवाज क्षणभर आठवला, खरंच आठवला, जरासा जाड, शब्दाच्या शेवटी किंचित खाली बसणारा. मी वाचणं थांबवलं नाही. थांबलो असतो तर तो गेला असता.

शेवटी कागदावर खूण न झालेली चौदा नावं उरली. ताईने त्यांना एकेक रेघ ओढली. ती चौदाही मी नव्या मालकाच्या पानावर जाऊन झाकली, हे सांगू नकोस, हेही सांगू नकोस. मग जुन्या मालकाला बंद केलं, झोपवलं नाही, ताईच्या देखत बंद केलं, आणि पुन्हा सुरू केलं. दुपारचा एक वाजत आला होता. कुणाला भुकेची आठवण नव्हती. 'ताई', चंद्राची खूण, 'जागं करा'. पट्टी नव्वदला थांबली. मी टेबलाची कड धरली. पट्टी पुढे सरकली आणि स्क्रीनवर अकरा वर्षांपूर्वीची मंगळवारची दुपार उघडली. राखाडी खिडकी, चाळीस वाक्यांची यादी, तेविसांपुढे हिरव्या खुणा, आणि चोविसाव्यापुढे लाल ठिपका, अजून लुकलुकणारा. म्हणजे मी ध्वनिमुद्रण थांबवलंसुद्धा नव्हतं. घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटं. हात माउसकडे गेला तेवढ्यात ताईचं बोट स्क्रीनवरच्या एका बटणावर टेकलं. 'जतन करा.' आधी ते. मी ठिपका थांबवला आणि जतन केलं. चोवीस फाइली, एकाखाली एक. त्या मी तिथून बाहेर काढल्या, दोन्ही मालकांच्या दारांतून सुखरूप, आणि मगच श्वास घेतला.

आता ऐकायचं. मशीनला लावलेला स्पीकर ताईच्या घरचाच, जुना, त्याची वायर ढिली. दाबून धरली तरच आवाज येतो. भाची म्हणाली, मी धरते, आणि सरळ टेबलाखाली शिरली. खालून तिने विचारलं की ही शेवटची एवढी लांब का दिसते. चोविसावी फाइल साडेचार मिनिटांची होती, बाकीच्या चार-पाच सेकंदांच्या. फोन आला तेव्हापासूनचं सगळं तिच्यात असणार. मी ताईकडे बघितलं. ती टेबलावर दोन्ही हात सपाट ठेवून बसली होती. मग तिने एकदाच बोट टेकवलं, इतकं हलकं की आवाजही आला नाही. मी ती फाइल सुरू केली.

थोडी खरखर. मग, 'आज मला थोडं बरं वाटतंय पूर्णविराम.' जरासा जाड, शेवटी खाली बसणारा. ताईने डोळे मिटले. माझा त्या वेळचा आवाज, ताई, पूर्णविराम म्हणायचं नाही. तिचं हसणं. फोनची घंटा. माझं हो, हो, आज, आजच, बरं. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग माझे शब्द लांब गेले, मी बहुतेक दाराशी उभा होतो, आणि माइकजवळ फक्त ताई राहिली. ती काही बोलत नव्हती. नुसता श्वास ऐकू येत होता, नाकातून, सावकाश. मी इथे बसून तो मोजत होतो. मग ती खाली वाकली असावी, कारण आवाज जरा लांबून आला, पण स्वच्छ, कुठलीही घाई नसलेला, जणू फोन आलाच नव्हता.

"ठके, वायर सोड बरं."

टेबलाखालून भाचीने वायर सोडली आणि स्पीकर एकदम मुका झाला.

नंतर टेबलाखालून तिचं डोकं वर आलं, केस कपाळावर, हात अजून अर्धवट उचललेले. ती स्पीकरकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती आईकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "परत म्हण ना."

आणि ती पुन्हा खाली गेली आणि वायर घट्ट धरली. ताईने डोळे पुसले नाहीत. तिने माझा हात बाजूला केला, माउस आपल्याकडे ओढला, आणि चोविसाव्या वाक्यावर स्वतःच्या बोटाने दाबलं.